'रामाने आंबा खाल्ला' हा पॅसिव्ह व्हॉइस आहे का?

खडूफळा

मंडळी, एक जुनं भांडण तुमच्या पुढ्यात टाकतो.

माझ्याकडे मराठी माध्यमाची आठवी ते दहावीची मुलं इंग्रजीच्या शिकवणीला येतात. त्यातला एक पोरगा हुशार आहे, पण 'मी पत्र लिहिलं' दिलं की 'द लेटर वॉज रिटन बाय मी' लिहितो. दर वेळी. 'आय रोट अ लेटर' असं लिही म्हटलं तर वाद घालतो. त्याचं म्हणणं असं: पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली, निबंध लिहिला, म्हणजे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतंय. कर्माप्रमाणे बदलतं तो कर्मणी प्रयोग. आणि मराठीच्या तासाला फळ्यावर तक्ता लिहून दिलाय, कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. मग पॅसिव्ह लिहिलं तर चुकलं कुठे?

तक्ता नुसता त्याच्या शाळेत नाही. बाजारातली दोन-तीन गाइडं चाळली, स्पर्धा परीक्षांच्या नोट्स बघितल्या, सगळीकडे तोच.

'इंग्रजीत असं नसतं' हे उत्तर मला द्यायचं नाहीये, ते उत्तरच नव्हे. त्याच्याच आणखी दोन शंका जोडतो:

'रामाने खाल्ला', 'सीतेने खाल्ला', मग 'मीने खाल्ला' का नाही?

'आईने साडी घेतली' पण 'आई साडी नेसली'. साडी तीच, आई तीच, 'ने' कुठे गेला?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. लांबलचक प्रतिसाद चालतील.

---

अवांतर

पहिला नंबर. खुर्ची टाकून बसलोय, शेंगदाणे आणलेत.

---

धुंडिराज

खडूफळा, पोराचा तर्क बिनचूक आहे, तक्ता फसवा आहे.

प्रयोग आणि व्हॉइस ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. क्रियापद कोणाचं ऐकतं, कर्त्याचं, कर्माचं की कोणाचंच नाही, हा प्रयोगाचा प्रश्न. तिसऱ्या प्रकाराला आपण भावे म्हणतो: 'रामाने रावणाला मारले'. इथे शूर्पणखेला मारलं तरी 'मारले'च, वानरांना मारलं तरी 'मारले'च. व्हॉइसचा प्रश्न दुसरा: बोलणाऱ्याने वाक्यातली मुख्य जागा कोणाला दिली, करणाऱ्याला की ज्याच्यावर क्रिया झाली त्याला?

आता कसोटी लावू. इंग्रजीत 'राम एट द मँगो' आणि 'द मँगो वॉज ईटन बाय राम' ही दोन्ही वाक्यं हाताशी असतात. बोलणारा त्यातलं एक निवडतो. मराठीत साध्या भूतकाळात राम आणि आंबा घेऊन वाक्य करायचं तर 'रामाने आंबा खाल्ला' हेच साधं, सरळ वाक्य. 'राम आंबा खाल्ला' हा पर्यायच प्रमाण मराठीत नाही. (बोलीत आहे, त्यावर कोणीतरी लिहीलच.) जिथे निवड नाही तिथे व्हॉइस कसला? 'राम आंबा खातो' हे वर्तमानकाळातून भूतकाळात नेलं की 'ने' आपोआप लागतो. तुमच्या पोराला हेच करायला सांगा: आधी वाक्य वर्तमानकाळात म्हण, 'मी पत्र लिहितो', त्याचं इंग्रजी कर, मग काळ बदल. पॅसिव्हला शिरायला फटच राहत नाही.

दुसरी कसोटी मला जास्त आवडते. 'घरी येऊन रामाने आंबा खाल्ला.' घरी कोण आलं? राम. आंबा नव्हे. '-ऊन'चा कर्ता मुख्य वाक्याच्या कर्त्याशी जुळावा लागतो, आणि इथे तो 'ने' लागलेल्या रामाशी जुळतो. तसंच 'आपला': 'रामाने आपल्या खोलीत आंबा खाल्ला', खोली रामाची. म्हणजे क्रियापद आंब्याचं ऐकत असलं तरी घरातला कर्ता पुरुष रामच आहे. इंग्रजी पॅसिव्हमध्ये 'बाय राम' हा बिचारा शेपटाला बांधलेला असतो, कापून टाकला तरी वाक्य उभं राहतं.

हे झालं कसं? संस्कृतात 'मया कृतम्', 'रामेण हतः' अशी रचना होती, '-त' प्रत्ययाचं कृदंत. ती तेव्हा खरोखर पॅसिव्हच्या जवळची होती, कारण 'रामः अकरोत्' हा दुसरा पर्याय शिल्लक होता. पुढे प्राकृतांत तो पर्याय मेला. उरली एकटी '-त'वाली रचना, आणि तिलाच साध्या भूतकाळाचं काम पडलं. आपलं 'केला-केली-केलं' हे त्या कृदंताचंच वंशज आहे, म्हणून ते विशेषणासारखं लिंगाप्रमाणे बदलतं. गोरा-गोरी-गोरं, केला-केली-केलं.

मराठीत खरा पॅसिव्ह आहेच. परीक्षेवाल्यांना कर्मणीचे पाच प्रकार पाठ असतात: प्रधानकर्तृक, शक्य, पुराण, समापन आणि नवीन. यातला शेवटचा, 'रावण रामाकडून मारला गेला', तो इंग्रजीच्या पॅसिव्हशी जुळतो. नाव 'नवीन' का ते बघा. इंग्रजी वाक्यांची भाषांतरं करताना तो बोकाळला, असं मानलं जातं. तक्त्यात 'कर्मणी = पॅसिव्ह' लिहिणारा पाचातल्या एकाबद्दल बोलत असतो आणि पोराच्या वाट्याला मात्र पहिला प्रकार येतो.

'मीने' आणि 'नेसली'चं नंतर लिहितो, स्वयंपाकघरातून हाक आली.

---

शमी

वा, '-ऊन'ची कसोटी मस्त. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

टंकलेखक

खरा पॅसिव्ह बघायचा तर 'मारला गेला'पर्यंत कशाला जायचं? आमच्या टेबलावर या. सरकारी नोकरीत आयुष्य गेलं, रोजची वाक्यं अशी:

'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की...'
'सदर प्रस्ताव विचारात घेण्यात आला होता.'
'त्रुटींची पूर्तता न केल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल.'

कोणी कळवलं? कोणी विचारात घेतला? कोण निकाली काढणार? कोणीच नाही! '-ण्यात येणे' हा मराठीचा अस्सल, रोज वापरला जाणारा पॅसिव्ह आहे आणि त्याचं सगळं काम करणाऱ्याला लपवणं हेच आहे. 'साहेबांनी प्रस्ताव नाकारला' यात व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे कर्मणी प्रयोग आहे, पण साहेब उघडे पडतात. 'प्रस्ताव नाकारण्यात आला' यात साहेब सुरक्षित. पोराला ही दोन वाक्यं शेजारी ठेवून दाखवा, पॅसिव्ह कशासाठी असतो ते तक्त्याशिवाय कळेल.

वर्तमानपत्रंही तेच करतात. 'वाहतूक वळवण्यात आली आहे.'

---

खडूफळा

टंकलेखक, हे उद्याच वापरतो. शाळेच्या सूचनाफलकावर अशी वाक्यं ढिगाने मिळतील.

---

सदाशिव_पेठी

धुंडिराजांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे पण एक खटकलं. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली व्याकरण लिहिलं, दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिलं. 'कर्मणी' हा शब्द दीडशे-दोनशे वर्षं या भाषेत नांदतोय. आता इंग्रजी चष्म्यातून बघून आपल्या पूर्वसूरींना चुकीचं ठरवायचं?

---

धुंडिराज

अहो उलट! पूर्वसूरींचं बरोबरच आहे. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं त्याला कर्मणी म्हणा, काही बिघडत नाही. इंग्रजी चष्मा तक्त्यावाल्यांनी लावलाय. प्रयोगाची व्याख्या 'कर्ता, कर्म आणि क्रियापद यांचा परस्परसंबंध' अशी आपण शाळेत घोकली, त्यात ॲक्टिव्ह-पॅसिव्हचा वासही नाही.

आणि त्या परंपरेने जे टिपलंय ते जबरदस्त आहे. 'तू चिंच खाल्लीस' हे वाक्य घ्या. 'खाल्ली' चिंचेमुळे, 'स' तुझ्यामुळे. एकाच क्रियापदात दोघांची हजेरी. याला आपले व्याकरणकार कर्तृ-कर्म संकर म्हणतात. हे नाव इंग्रजीतून आणणं शक्यच नव्हतं, कारण इंग्रजीत असली चीजच नाही.

---

बिल्बाओकर

हे वाचून राहवलं नाही, म्हणून बऱ्याच काळाने लॉगिन केलं.

नोकरीमुळे स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रदेशात राहतो आणि संध्याकाळच्या वर्गात बास्क शिकतोय. ही भाषा युरोपातल्या कुठल्याही शेजारणीची नातलग नाही. वर्गातल्या स्पॅनिश मंडळींना पहिल्या महिन्यात जो घाम फुटला तो मला फुटला नाही, कारण 'ने' इथेही आहे! त्याचं नाव 'क'.

'गिसोना एतोरी दा', माणूस आला.
'गिसोनाक ओगिया यान दु', माणसाने पाव खाल्ला.

आला तर नुसता 'गिसोना', खाल्लं तर 'गिसोनाक'. शिक्षिका हे समजावून सांगायला लागल्या आणि मी मनात 'माणूस आला, माणसाने खाल्ला' म्हटलं, संपला विषय.

फरक दोन. एक, इथे 'मी'लाही लागतो: 'नि' म्हणजे मी, 'निक' म्हणजे अक्षरशः 'मीने'. खडूफळांच्या विद्यार्थ्याला सांगा, त्याचं 'मीने' जगात कुठेतरी शुद्ध आहे. दोन, इथे 'क' कुठल्याही काळात लागतो. 'निक ओगिया यातेन दुत', मी पाव खातो, तरी 'निक'. आपल्याकडे तो भूतकाळापुरता.

आणि 'खाल्लीस'सारखी दुहेरी हजेरी इथे सहायक क्रियापदात असते. एक पुस्तक वाचलं तर 'दुत', अनेक वाचली तर 'दितुत'. त्यात मीही आहे आणि पुस्तकंही. धुंडिराज म्हणतात ती चीज इंग्रजीत नाही, पण बिल्बाओत आहे.

---

अवांतर

म्हणजे इंग्रजीच विचित्र, आपण नॉर्मल. हे मला आधीपासून माहीत होतं.

---

शमी

इंग्रजी विचित्र नाही, तिने विभक्ती गमावल्या आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना प्रत्यय होते. आता कोण करतो आणि कोणावर करतो हे फक्त जागेवरून कळतं. 'द डॉग बिट द मॅन' उलटं केलं की माणूस कुत्र्याला चावतो. आपण 'कुत्र्याला दगड मारला पोरानं', 'पोरानं मारला कुत्र्याला दगड' कसंही म्हणतो. विद्यार्थ्यांची इंग्रजी वाक्यरचना बिघडते ती मुख्यतः इथे, असा माझा अनुभव. मीही काही वर्षं शिकवण्या घेतल्या आहेत. प्रत्ययांवर विसंबायची सवय असते आणि इंग्रजीत विसंबायला काहीच नसतं, त्यामुळे शब्द मराठीच्या ओळीत उभे राहतात.

बाकी सगळ्यांत मजेची गोष्ट कोणी काढली नाही. 'मी पेपर वाचला', 'मी चूक काढली', 'मी ठरवलं'. ही वाक्यं बाई म्हणतेय की बुवा, सांगा! सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माकडे बघतं, त्यामुळे बोलणाऱ्याचं लिंग झाकलेलं राहतं. 'मी आले', 'मी जेवलो' म्हटलं की उघड.

---

अवांतर

शमी, मी लगेच तुमचे जुने प्रतिसाद तपासले. 'घेतल्या आहेत', 'वाचलं', 'केलं'. एकही 'गेले-गेलो' नाही. ताई की दादा?

---

शमी

शोधा.

---

धुंडिराज

आलो परत. आता 'मीने'.

जगात अशा भाषा पुष्कळ आहेत ज्यांत सकर्मक क्रियेचा कर्ता वेगळी खूण घेतो. गंमत म्हणजे त्यांतल्या अनेक भाषांत ही खूण नामांना लागते, पण 'मी-तू'ला लागत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ईशान्येला डिर्बल नावाची आदिवासी भाषा आहे. भाषाशास्त्रज्ञ डिक्सन यांनी तिचं व्याकरण १९७२ साली प्रसिद्ध केलं. तिथे बाप, आई, माणूस, साप या सगळ्यांना 'ने'सारखा प्रत्यय लागतो, 'मी' आणि 'तू' सुटतात. दुसरे भाषाशास्त्रज्ञ मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी १९७६ साली या सुटण्यामागची उतरंड मांडली. मी आणि तू हे बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांमधले, ते करणारे असणं अपेक्षितच, म्हणून वेगळी खूण लागत नाही. तिसरा कोणी किंवा एखादी वस्तू करणारी निघाली तर खुणेची गरज. आपली मराठी बरोब्बर त्याच रेषेवर कापली गेली आहे: मी, तू, आम्ही, तुम्ही बिनखुणेचे, तो, ती, राम, कुत्रा खुणेचे.

पण हा झाला साचा; इतिहास थोडा वेगळं बोलतो. जुन्या मराठीत 'मी'चं तृतीयेचं रूप होतंच, 'मियां', 'म्यां'. संतवाङ्मयात ठायीठायी दिसेल. 'म्यां पाहिले', 'त्वां दिधले'. प्रमाण बोलण्यातून ते गळालं. हिंदीने उलट केलं: 'मैं' हेच मुळात तृतीयेतून आलेलं, त्यावर आणखी 'ने' चढवून 'मैंने'. आपण मराठी माणसं हिंदीत 'मैं खाना खाया' म्हणून हशा पिकवतो त्याचं मूळ हे.

एक गोष्ट मात्र नोंदवतो. डिर्बल आपल्याहून फार पुढे गेली आहे. 'ङुमा बनगन्यु, यबुङ्गु बुरन' म्हणजे 'बाप परतला, आईने पाहिलं'; कोणाला पाहिलं? बापाला. इथवर ठीक. पण 'आईने बापाला पाहिलं आणि परतला/परतली' अशा अर्थाचं वाक्य केलं, तर डिर्बलमध्ये परतणारा बापच असतो. तिथे वाक्याचा धागा कर्म धरून पुढे जातो. मराठीत 'आईने बाबांना पाहिलं आणि परतली'. धागा आईच्याच हातात. म्हणून आपला 'ने' प्रत्ययापुरता. वाक्याची आतली बांधणी कर्त्याच्याच बाजूची.

---

तेरेखोल

'म्यां' गेलं कुठे म्हणता? आमच्याकडे या. कोंकणीत 'हांव' म्हणजे मी, आणि सकर्मक भूतकाळात 'हांवें'. 'हांवें सांगलें', 'हांवें कविता बरयली'. रोजच्या बोलण्यात, बाजारात, भांडणात. पुण्याला शिकायला होतो तेव्हा मित्र 'मी सांगितलं' म्हणायचे आणि मला 'मी'ला काहीतरी लावायचं राहून गेलंय असं वाटत राहायचं.

जाता जाता: थॉमस स्टीव्हन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाने लिहिलेलं कोंकणीचं व्याकरण गोव्यात रायतूरला १६४० साली छापलं गेलं, त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी. दादोबांच्या दोनशे वर्षं आधी. लॅटिनच्या साच्यात वाढलेला, मातृभाषा इंग्रजी असलेला तो माणूस या असल्या क्रियापदांना कसा भिडला असेल, मला फार कुतूहल आहे.

---

बेळगावी_कुंदा

धुंडिराज, कंसात 'बोलीत आहे' म्हणून पुढे गेलात. मी ती बोलीवाली.

आमच्याकडे 'मी काम केलो', 'मी सांगितलो त्याला', 'मी पुस्तक वाचलो' असंच म्हणतात. बायका 'मी केले', 'मी सांगितले'. कॉलेजला पुण्यात आल्यावर हॉस्टेलमध्ये यावरून इतकी टिंगल झाली की मी भूतकाळच टाळायला लागले. 'करून झालं', 'सांगून ठेवलंय', काहीतरी पळवाटा काढायच्या. 'अशुद्ध' हा शब्द तेव्हा फार ऐकला.

कन्नडमध्ये हे साधं आहे. 'रामनु हण्णु तिंदनु', रामाने फळ खाल्लं. 'सीते हण्णु तिंदळु', सीतेने खाल्लं. फळ काही का असेना, शेपूट कर्त्याचं. दोन्ही भाषा एका अंगणात वाढल्या की असं होणारच ना?

---

सदाशिव_पेठी

बोलीबद्दल आदर आहेच. पण लेखनात 'मी काम केलो' चालवून घ्यायचं म्हटलं तर प्रमाणभाषेला अर्थ काय राहिला? शाळेत एकच शिकवावं लागतं.

---

गुलकंद

लेखनाचं राहू द्या बाजूला. 'मी केलो'ला बिघाड म्हणण्याआधी एक प्रवास बघा.

इराणमध्ये कर्मानशाहजवळ बिसुतूनच्या कड्यावर दारयवहुश (डरायस) राजाचा शिलालेख आहे, साधारण इसवी सनपूर्व ५२० च्या सुमाराचा. त्यात राजा म्हणतो, 'मना कर्तम्'. माझ्याकडून केलेलं. 'मया कृतम्' शेजारी ठेवा, सख्खी भावंडं. म्हणजे तेव्हाची फारसी त्याच वाटेवर होती ज्यावर आपण आलो.

आजची फारसी काय म्हणते? 'मन कर्दम'. 'मन' म्हणजे मी, 'कर्द'च्या पुढचा 'म' म्हणजे पुन्हा मी. क्रियापद थेट कर्त्याला जोडलेलं. कर्म कोणतं, किती, याच्याशी देणंघेणं नाही. 'मना कर्तम्'पासून 'मन कर्दम'पर्यंत जे झालं ते 'मी केलं'पासून 'मी केलो'पर्यंत झालंय. शिराझच्या कवींना कोणी अशुद्ध म्हणत नाही.

पूर्वेला बघा. बंगाली 'आमि कोरलाम', मी केलं. त्यातला 'ल' आपल्या 'केला'तलाच, आणि पुढचा 'आम' हा 'मी'चा. बंगालीने तर लिंगही सोडून दिलं. नेपाळीने तिसरीच तऱ्हा काढली: 'मैले भात खाएँ'. 'ले' म्हणजे 'ने', तो ठेवला, पण क्रियापद 'मी'चं ऐकतं! भाताचं नाही.

उलट पश्तो आणि कुर्मांजी कुर्दी अजून आपल्यासारख्याच आहेत. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की कर्ता तिरका होतो, म्हणजे वेगळं रूप घेतो, आणि क्रियापद कर्माकडे वळतं. वर्तमानात सगळं सरळ. पेशावरचा पठाण आणि सांगलीचा शेतकरी या एका बाबतीत एकमेकांना तेहरानवाल्यापेक्षा लवकर समजतील.

कुंदाताई, पुढच्या वेळी कोणी टिंगल केली तर 'मन कर्दम' म्हणा.

---

बेळगावी_कुंदा

गुलकंद, छापून भिंतीवर लावते हे! पण तेव्हा कन्नडमुळेच झालं ना? फारसीच्या शेजारी कुठे कन्नड होती?

---

गुलकंद

शेजारामुळे वेग येतो, असं म्हणेन. दार भाषेच्या आतच किलकिलं असतं. मराठीत 'मी आलो', 'मी बसलो', 'मी शिकलो', 'मी विसरलो' अशी रांग आहेच. त्या रांगेत 'केलो' येऊन उभा राहिला. दाराला ढकलणारी कन्नड.

---

धुंडिराज

गुलकंदांनी 'शिकलो', 'विसरलो' काढलंत, म्हणजे खडूफळांच्या दुसऱ्या शंकेवर आलो.

कर्म घेऊनही 'ने' न घेणारी क्रियापदं मराठीत मूठभर आहेत. ती साडी नेसली. तो संस्कृत शिकला. तो नाव विसरला. ती खोटं बोलली. तो चहा प्यायला. मी काय म्हणालो ते तो समजला. यांतल्या बहुतेकांत एक समान धागा दिसतो: क्रियेचा परिणाम करणाऱ्यावरच होतो. साडी नेसली की बदलते ती नेसणारी. शिकलं की बदलतो तो शिकणारा. पत्र लिहिलं तर मात्र नवी वस्तू बाहेर तयार होते.

छान सिद्धांत आहे, आणि मग 'खाणे' येऊन त्याची वाट लावतं. खाल्लेलं पोटातच जातं ना? तरी 'त्याने भाकरी खाल्ली', आणि 'तो जेवला'. शिवाय 'कुत्रा मला चावला'. परिणाम माझ्या पोटरीवर, पण 'कुत्र्याने चावला' आपण म्हणत नाही. तेच कुत्रं बोचकारतं तेव्हा 'कुत्र्याने बोचकारलं'. तेव्हा यादी पाठ करणं हाच खात्रीचा उपाय. एका जोडीत तर दोन्ही नांदतात: 'तो म्हणाला' आणि 'त्याने म्हटलं', अर्थ एकच.

आणि 'ने' म्हणजे सकर्मक भूतकाळ असंही पक्कं धरू नका. 'मुलांनी लवकर उठावं', 'त्याने यावं'. उठणं, येणं अकर्मक, काळ भूत नाही, तरी 'ने-नी' हजर.

---

तेरेखोल

'तो चहा प्यायला' की 'त्याने चहा प्यायला'? माझे पुण्याचे मित्र दुसरं म्हणायचे.

---

धुंडिराज

दोन्ही ऐकू येतं. चहाच्या बाबतीत पुणं कोणाचं ऐकत नाही.

---

खडूफळा

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा फार जास्त मिळालं. पोराला सांगायचं ठरलंय ते असं: आधी वर्तमानकाळ, मग काळ बदल, आणि करणाऱ्याला लपवायचं असेल तरच पॅसिव्ह. सूचनाफलकावरची वाक्यं वहीत उतरवून आणायला सांगतो. तक्त्याबद्दल शाळेतल्या सरांशी बोलायचं की नाही यावर विचार चालू आहे, गाव लहान आहे.

कुंदाताई, एक विचारू? तुमच्याकडे 'मी केलो' म्हणतात, मग 'तो केला' पण म्हणतात का?

---

बेळगावी_कुंदा

आमच्या घरात नाही. 'त्यानं काम केलं'च म्हणतो. 'मी', 'आम्ही'पुरतंच आहे आमचं.

---

धुंडिराज

सिल्व्हरस्टीनची रेषा! बदलसुद्धा 'मी'पासून सुरू झालाय. डेक्कन कॉलेजच्या बोली-सर्वेक्षणात या रचनेची गावोगावची माहिती आहे, वेळ मिळाला की त्यात बघतो.

---

सोलापुरी_चादर

बराच वेळ नुसता वाचत होतो. रेषा आमच्याकडे पुसली गेली आहे. अक्कलकोटच्या बाजूला आत्याचं घर आहे, तिथे सरळ 'तो काम केला', 'ती सांगितली' म्हणतात. 'ने' वगैरे काही नाही.

---

गुलकंद

थांबा, 'ती काम केली' की 'ती काम केलं'? आणि स्त्रीलिंगी कर्म असेल तर? 'तो चिंच खाल्ला' की 'तो चिंच खाल्ली'?

---

सोलापुरी_चादर

'तो चिंच खाल्ला'. आत्ता फोन करून विचारलं. 'ती आंबा खाल्ली' हेपण बरोबर म्हणाली.

---

धुंडिराज

चादरराव, याचं रेकॉर्डिंग मिळेल का? नुसत्या पाच-सहा वाक्यांचं?

---

सोलापुरी_चादर

विचारलं. 'कशाला पाहिजे, मी काय चुकीचं बोललो का' म्हणाली. बाई असून 'बोललो' म्हणते, ते वेगळंच प्रकरण आहे. पुढच्या रविवारी जातोय, तेव्हा बघतो.